जिना पाठीमागे होता

४ जून

ताई,

सुरुवातीला काय लिहावं यातच बराच वेळ गेला. 'कशी आहेस' असं विचारायचा हक्क इतक्या वर्षांनंतर मला उरलाय का, याची खात्री नाही. म्हणून सरळ बातमीवर येते.

बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनीच हा शब्द वापरला आणि मला तो बरा वाटला. पाय सुजतात, उशांना टेकून बसल्याबसल्याच झोपतात. जिभेची धार मात्र तीच. नर्सला म्हणाले, "बाई, तुम्ही माझी नाडी बघताय की घरी जायची वेळ?" ती बिचारी हसली. तिला अजून सवय नाही.

ते तुझी आठवण काढतात.

हे वाक्य लिहून मी त्याच्याकडे बघत बसले. खोडत नाही, पण दुरुस्त करते. तुझं नाव ते घेत नाहीत. माझा फोन वाजला की मान वळवतात, आणि मी "कामाचा होता" म्हटलं की तोंड परत भिंतीकडे करतात. याचा अर्थ काय तो तू लाव. मी लावला तर माझ्या सोयीचा लावीन.

दुसरी बातमी अशी, की बाबांच्या चित्रपटातला तो दाराचा प्रसंग पुन्हा एकदा होतोय. आणि या वेळी त्याची कंटिन्युइटी माझ्याकडे आहे. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात असेल तर पुढच्यातही डाव्याच हातात हवा, हे बघायची माझी नोकरी. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे तुला हे नवीन असेल. आई म्हणायची, "दुसऱ्याच्या चुका काढायचे पैसे मिळतात, घरबसल्या फुकट काढायचीस तेव्हापेक्षा बरं."

नव्या पटकथेत तो प्रसंग असा लिहिलाय: 'दारात मुलगी, पाठमोरी, हातात बॅग. समोर बाप, दाराच्या कडीवर हात. मुलगी: जाते मी. बापाची नजर मुलीच्या खांद्यावरून वर, जिन्याकडे जाते. मग खाली येते. बाप: येते म्हणावं.'

एवढंच. मूळ चित्रपटातही एवढंच होतं. बापाचं काम करणारा नट त्या दिवशी उगवला नाही, म्हणून दिग्दर्शक असलेले आपले बाबाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, हे पटकथेत नाही. मुलगी तू होतीस, दार आपल्याच भाड्याच्या घराचं होतं, आणि कागदावर तुझं वाक्य 'येते मी' असं होतं, हेही नाही. मी तेव्हा आतल्या खोलीत कांजिण्या घेऊन पडले होते. मला त्या दिवसातलं फक्त "शांतता!" असं कुणीतरी ओरडलेलं आठवतं.

त्यानंतर किती जणांनी तो प्रसंग उचलला, तुझ्यापर्यंत काही पोचलं का? पहिल्याने मुलीच्या जागी मुलगा घेतला, बापाच्या जागी आई. तो चित्रपट आपल्यापेक्षा जास्त चालला. मग एका विनोदी चित्रपटात जावई घर सोडतो, सासरा जिन्याकडे बघतो आणि वरून कुंडी पडते. मग प्रवासी बॅगांची जाहिरात आली. त्यात बाप वर बघतो, खाली बघतो आणि म्हणतो, "चाकं छान आहेत." एका भुताच्या मालिकेत जिन्यावर खरंच कुणीतरी उभं असतं. बाबा प्रत्येक वेळी टीव्ही बंद करायला लावायचे, आणि प्रसंग संपल्यावरच. "चोर लेकाचे," म्हणायचे, "पण नजर कुणाला जमली नाही."

ती नजर. प्रत्येक मुलाखतीत त्यांनी सांगितलंय: पोरीची जीभ घसरली, 'येते'चं 'जाते' झालं, मी सावरून घेतलं. पण बापाला पोरीकडे बघवेना. लहानपणी ती ज्या जिन्यावरून उड्या मारायची, त्या जिन्याकडे तो बघतो.

नवी दिग्दर्शिका त्यांना भेटायला घरी आली होती. वयाने इतकी लहान, की युनिट तिला मॅडम म्हणताना गालात हसतं. त्यांच्या पलंगाशी बसून म्हणाली, "बाबा, एक विचारू? ही नजर तुम्हाला सुचली कशी?"

बाबा म्हणाले, "सुचत नसते. मुलगी असावी लागते."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ताई, तू ये. महिना-दोन महिने, असं डॉक्टर म्हणतात.

तुझी,
धाकटी


२१ जून

ताई,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण बघते.

आज सेटवर एक गोष्ट झाली. बापाचं काम करणारा नट चांगला आहे, चौकस आहे. म्हणाला, "मी नेमका कुठे बघू? 'वर' म्हणजे किती वर? जिन्याच्या कितव्या पायरीकडे?" दिग्दर्शिका माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे मूळ शॉट आहे ना? पायरी सांगा."

माझं कामच ते. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन बसले आणि शॉट थांबवला. बाबांचा चेहरा, कडीवर हात, तुझा खांदा. पायरी शोधायला म्हणून आधीचा शॉट लावला, जिन्याचा अंदाज घ्यायला. त्यात बाबा आतून दाराशी येतात. आणि जिना त्यांच्या मागे आहे.

मी परत लावला. जिना त्यांच्या मागेच आहे.

ताई, त्या घरात मी मोठी झाले. रोज त्या जिन्यावरून शाळेत जायला खाली यायचे, आणि खाली आलं की दार समोर असायचं. दाराकडे तोंड केलेल्या माणसाच्या पाठीशीच जिना असणार. हे सांगायला कंटिन्युइटी लागत नाही. दाराबाहेर तू होतीस, आणि तुझ्या मागे व्हरांड्यात कॅमेरा. तुझ्या खांद्यावरून वर बघणाऱ्याला दुसरं काहीही दिसणं शक्य नव्हतं.

ते कॅमेऱ्याकडे बघत होते. अगदी अचूक सांगायचं तर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. तिथे कॅमेरामन उभा असतो.

इतक्या जणांनी तो प्रसंग पुन्हा केला, आणि प्रत्येकाने बापाच्या समोर, अंगणात, व्हरांड्यात, जिथे जमेल तिथे एक जिना बांधून घेतला. जाहिरातवाल्यांनीसुद्धा. नजर आधी, मग तिच्यासाठी जिना. आमच्या सेटवरही सुतारांनी परवाच बांधलाय, पॉलिश अजून ओलं आहे. आणि मी, कपाची बाजू बदलली तर शूटिंग थांबवणारी, त्या घरात राहिलेली, इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत आले आणि एकदाही म्हणाले नाही की अहो, जिना पाठीमागे होता.

तू समोरच उभी होतीस. तुला तेव्हाच कळलं ना? म्हणूनच ना?

तुला बाहेरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि बाबा कित्येक आठवडे हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते, एवढं मला आईने नंतर सांगितलं. जीभ घसरली यावर माझा कधीच विश्वास नव्हता. तू पाठांतरात कधी चुकली नाहीस. तू त्यांना खरंच सांगत होतीस. आणि ते कॅमेरा चालू आहे का ते बघत होते.

आतापर्यंत मी तुला 'ये' म्हणत आले. आज म्हणवत नाही. पण तू यावंस असं वाटतं, हे बदललेलं नाही.

धाकटी


९ जुलै

ताई,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर. 'र' अजून तसाच काढतेस.

"हो, कळलं होतं. पण तुझ्या तोंडून नको. त्यांच्या तोंडून ऐकायचंय. ते म्हणाले तर येईन."

आज विचारलं. सकाळी ते जरा बरे होते. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बाबा, जिना तर पाठीमागे होता." ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कॅमेऱ्याकडे बघत होतो मी. पोर समोर उभी होती आणि मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. तिला सांग, चुकलं माझं." डोळ्यांत पाणी होतं.

ये आता. लवकर ये.

धाकटी


१७ जुलै

ताई,

तू तिकीट काढलंस असं कळवलंस. हे पत्र तू निघण्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून मी ते घाईने पाठवतेय.

मागच्या पत्रातलं खरं नाही.

मी विचारलं हे खरं. पलंगाच्या कडेला बसले होते हेही खरं. "जिना तर पाठीमागे होता" म्हटल्यावर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग? बाप मनातल्या जिन्याकडे बघतो. एवढं कळत नाही, आणि सिनेमात काम करतेस." पुढे म्हणाले, चहा पांचट झालाय. त्यानंतर झोपले. खिडकीबाहेर बघणं नाही, पाणी नाही, 'चुकलं' तर मुळीच नाही.

तू तरी कसा विश्वास ठेवलास? 'चुकलं माझं' हे शब्द त्यांच्या तोंडून आपल्यापैकी कुणी कधी ऐकलेत का? आईची साडी इस्त्रीने जाळली तेव्हासुद्धा "इस्त्री जुनी आहे" म्हणाले होते. तुलाही ते ऐकायचं होतं म्हणून तुला ते ओळखता आलं नाही, आणि मला ते ऐकवायचं होतं म्हणून मला ते इतकं सहज लिहिता आलं. एकही खाडाखोड नव्हती त्या पत्रात. माझ्या पत्रात खाडाखोड नाही, एवढ्यावरूनही कुणाला शंका यायला हरकत नव्हती.

तू यावंस म्हणून केलं, असं म्हणू शकते. पण रात्रभर विचार केला, आणि कारण तेवढंच नाही. मला तो प्रसंग तसा व्हायला हवा होता. सगळ्यांनी आपापल्या परीने तो पुन्हा करून घेतला. मीही त्यातलीच. मीही समोर जिना बांधला.

तू आली नाहीस तर मी समजून घेईन. आलीस तर हे माहीत असताना ये.

आणखी एक सांगायचंय. मी दिग्दर्शिकेला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं चिडेल, सुतारकाम वाया गेलं म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी बापाचंच तोंड बघितलं. मुलीचं कुणी बघितलंच नाही." तिने जिना काढायला लावला आणि कॅमेरा उचलून घरात, बापाच्या जागी नेऊन ठेवला. आता तो शॉट मुलीच्या चेहऱ्यावर आहे. ती 'जाते मी' म्हणते, बापाच्या डोळ्यांत बघते, आणि ते डोळे तिच्यावरून वर सरकतात तसे तिला कळतं. बस्स. 'येते म्हणावं' फक्त ऐकू येतं.

ती नटी तुझ्यासारखी दिसत नाही. तरी पण मी कंटिन्युइटीचे कागद दुसऱ्याच्या हातात देऊन बाहेर गेले. इतकी वर्षं तो शॉट बघितला, ताई, आणि तू त्यात फक्त एक खांदा होतीस.

धाकटी


२६ ऑगस्ट

ताई,

तू परत गेलीस त्याला आता आठवडा होऊन गेला. तुझा कप मी अजून वेगळा ठेवलाय, उगाचच.

निघताना तू गाडीत म्हणालीस, "मला सांगितलं त्यांनी. स्वतः. नीट सांगितलं." आणि माझा हात दाबलास. मी "हो" म्हटलं. तेव्हापासून तो एक 'हो' मला खातोय. तुला मी एकदा खोटं लिहिलं आणि ते मागे घेतलं. हे तर मी लिहिलेलंही नाही, नुसती गप्प बसले. पण त्याचा परिणाम तोच होतोय. म्हणून लिहिते. वाचून तू माझ्यावर रागावलीस तर तो राग बरोबर असेल.

येण्याआधी तू बाबांना फोन केलास त्या दिवशी मी घरातच होते. आदल्या दिवशी दिग्दर्शिकेने तिचा नवा शॉट पाठवला होता आणि मी तो बाबांना दाखवला होता. म्हटलं, ते "चोर" तरी म्हणतील. परत दाखव म्हणाले. मी दाखवला. पुन्हा म्हणाले, परत. मग लॅपटॉप स्वतःच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि त्यांच्या उशाशी त्यांचा फोन वाजला. तो फोन अधूनमधून वाजायचाच. कुणी फिल्म शिकणारी मुलं, कुणी पेपरातले लोक. त्या सगळ्यांना दाराच्या शॉटबद्दलच विचारायचं असायचं. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हं, बोला."

"कोण? ... ऐकू कमी येतं मला, मोठ्याने बोला."

"हो. तो शॉट. विचारा."

मग पलीकडचा प्रश्न ऐकून घेतला. नंतर म्हणाले, "खरं सांगू? जिना-बिना काही नाही. रीळ संपत आलं होतं. संपलं की आमचा कॅमेरामन बोट वर करायचा. मी त्याचं बोट बघत होतो."

मी गॅस बंद केला.

"नाही, पोरीकडे नाही. पोरगी काय म्हणतेय ते कानावर पडलं, पण कळलं ते नंतर पडद्यावर बघताना. तोपर्यंत ती गेली होती." आणि पुढे, "नजर चांगली आहे म्हणाले सगळे. मग मी जिना सांगितला. काहीतरी सांगायला तर हवं."

एवढंच. तुला जे हवं होतं ते हेच, आणि मी मागे रचलं होतं त्यापेक्षा कितीतरी खरं. यातला शब्दन् शब्द त्यांचा आहे.

मी आत गेले. ते फोनकडे बघत होते. म्हणाले, "कोण होती गं ही? कुठल्या पेपरातली? बरं विचारत होती."

तू मला सांगितलंस की तू त्यांना 'बाबा' म्हणालीस. म्हणाली असशीलच. पण ताई, त्यांना सगळेच बाबा म्हणायचे. लाइटवाला, मेकअपवाली, मुलाखत घेणारी पोरं, कालपरवाची ती दिग्दर्शिका. लहानपणी तू त्यावरून किती भांडायचीस, "ते काय सगळ्यांचे आहेत का?" म्हणून. तू त्या दिवशी जो शब्द वापरलास, त्यावरून मुलगी ओळखायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती. तुला त्यांनी 'बोला' म्हटलं, तो तुला रुसवा वाटला. तू तसं हसून सांगितलंस मला. तो रुसवा नव्हता. ते परक्याशी बोलत होते. परकी होतीस म्हणून खरं बोलले.

फोनवरचा नंबर मी बघितला. म्हटलं, "बाबा, ताई होती ती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं रोखून त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नसेल. मग चिडले. खरोखर चिडले, धाप लागेपर्यंत. "मग आधी सांगायचं ना! तिला वेगळं सांगितलं असतं."

"वेगळं म्हणजे काय?"

"ते तुला कशाला? ती येतेय का?"

तेवढ्यात तुझा मेसेज आला होता, शुक्रवारी पोचतेय म्हणून. मी म्हटलं, "येतेय. शुक्रवारी."

"मग तिलाच सांगेन," म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

गुरुवारी संध्याकाळी ते गेले, तुला माहीतच आहे.

ते 'वेगळं' काय होतं, यावर मी रोज विचार करते. तुला बरं वाटावं म्हणून पुन्हा जिनाच सांगणार होते? की रीळ, बोट, कॅमेरामन सोडून आणखी काही होतं, जे पेपरवाल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं? मला पहिलं वाटतं तेव्हा त्यांचा राग येतो. दुसरं वाटतं तेव्हा माझा, कारण त्या दिवशी मी त्यांना आणखी खोदून विचारायला हवं होतं. यातलं कुठलंही एक तुला निवडून देता येणार नाही मला. एकदा दिलं होतं.

माझ्याकडे खात्रीची अशी एकच गोष्ट आहे, ती सांगते. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, शुक्रवारी सकाळी न्हाव्याला बोलाव. आजारपणात कित्येक दिवस त्यांनी दाढीला हात लावू दिला नव्हता, "मला कुठे शूटिंगला जायचंय," म्हणायचे. मी फोन करून ठेवला. नंतरच्या गडबडीत तो रद्द करायचं राहून गेलं. शुक्रवारी सकाळी न्हावी पेटी घेऊन दारात उभा. मी सांगितलं, तो चपला काढून आत आला. म्हणाला, "बाई, करून जाऊ का तरी?" मी हो म्हटलं. त्याने गरम पाणी मागितलं. घाई केली नाही त्याने. मानेखालचे केससुद्धा काढले.

दुपारी तू आलीस, त्यांच्या गालावरून हात फिरवलास आणि मला म्हणालीस, "किती नीट ठेवलंस गं त्यांना."

मी नव्हतं ठेवलं, ताई. ते तुझ्यासाठी त्यांनी करून घेतलं होतं.

धाकटी